हंड्याच्या नादाने

१९७८ सालच्या पावसाळ्यात आम्ही चौघे मित्र तेरा-चौदा वर्षांचे होतो. आमचे गाव औंढा नागनाथपासून पायी दीड तासाच्या वाटेवर. गावाचे नाव मुद्दामच सांगत नाही. तेव्हा ज्यांच्याशी बिनसले ते लोक आणि आमचे भाऊबंद आज एकमेकांच्या लग्नात पंगतीला बसतात; कशाला उगाच खपली काढा? औंढा त्या वेळी परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा पुढे १ मे १९९९ रोजी झाला.

त्या पावसाळ्यात आम्ही पुरलेले धन शोधले आणि ते आम्हाला सापडलेही. ही हकीकत आम्ही इतकी वर्षे बायकापोरांनाही सांगितली नव्हती. आता चौघांनी बसून सांगायचे ठरवले. यात कोणी 'मी' म्हणायचे नाही असेही ठरले, कारण जे केले ते चौघांनी मिळून केले.

आमच्या भागात जमिनीखाली धन आहे याबद्दल लहानथोर कोणाच्याच मनात शंका नसे. त्याला कारणही होते. हा सगळा मुलूख निजामाचा. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, पण हैदराबाद संस्थानात निजामाचेच राज्य चालू राहिले आणि पुढचे तेरा महिने रझाकारांच्या धुमाकुळात गेले. वऱ्हाडची हद्द आमच्यापासून फार लांब नव्हती. हिंगोलीहून वाशीमला जाताना लागणाऱ्या कनेरगावाला आजही लोक कनेरगाव नाका म्हणतात. पलीकडे गेले की रझाकारांची भीती संपली. म्हणून ज्यांच्या गाठीला काही होते अशी कुटुंबे रातोरात बैलगाड्या जुंपून तिकडे निघून गेली. जाताना जे नेता येत नव्हते ते कोणी घरात, कोणी गोठ्यात, कोणी बांधाच्या कडेला पुरून गेले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. मग माणसे परतू लागली. कोणाला पुरलेले सापडले, कोणाला जागाच आठवेना, आणि काही घरे परत आलीच नाहीत. त्या न आलेल्यांचे हंडे आमच्या लहानपणी गावोगाव रात्री 'वाजत' असत. साखळी ओढल्यासारखा आवाज येतो म्हणत. त्यावर नाग बसलेला असतो म्हणत. नागनाथाच्या मुलखात नागाची गोष्ट पटायला वेळ कसला?

आमच्या चौघांतल्या एकाची आजी होती. तिला चौघेही आजीच म्हणत असू. तिला एकदा विचारले होते, आजी, तवा आपल्या लोकांनी काय पुरलं? तर ती हसून म्हणाली, "आपल्याकडं पुरायला काय व्हतं रे लेकरांनो? भाकरीचं टोपलं व्हतं, ते डोक्यावर घेतलं आन् निघालो. रझाकार आले तवा बी आपुनच पळायचं, आन् मिल्ट्री आली तवा बी आपुनच." संस्थानातल्या आणि पाकिस्तानातल्या आपल्या लोकांनी जिवाच्या भीतीने धर्मांतर करू नये, निघून भारतात यावे, असे निवेदन बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये काढले होते. ते आजीच्या कानावर पुष्कळ वर्षांनी आले. "तवा कळलं असतं तर टोपलं घेऊन थोडं लांब गेले असते," एवढेच ती म्हणे.

आमच्या गावात अशी एक पडकी गढी होती. तिचे मालक १९४८ च्या उन्हाळ्यात वऱ्हाडात गेले ते परत आले नाहीत. पांढऱ्या मातीच्या भिंती पावसाने खचून ढिगारा झाला होता. त्या ढिगाऱ्यात हंडा आहे हे सगळ्या गावाला 'माहीत' होते, पण कोणी खोदत नव्हते. एक तर नागाची भीती. दुसरी भीती मानवतची.

मानवत आमच्याच परभणी जिल्ह्यातले. १९७२ ते १९७४ या काळात तेथे मुली आणि बायांचे एकामागून एक खून झाले. गुप्तधनासाठी आणि मूल व्हावे म्हणून बळी दिले, असा तो खटला होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७७ साली त्याचा निकाल लागला. त्या दिवसांत आमच्या माया आम्हाला दिवेलागणीनंतर घराबाहेर पडू देत नसत. गुप्तधन हा शब्द कोणी उच्चारला तरी माय तोंडावर हात ठेवी. असल्या अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात कायदा व्हायला २०१३ साल उजाडले, तेही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर.

इतके असून आम्ही हंड्याच्या नादी का लागलो? आमच्यातला एक पायाळू होता. पायाकडून जन्मलेल्या माणसाच्या डोळ्यांत काजळ घातले की त्याला जमिनीतले धन दिसते, अशी समजूत. आपल्याकडे पायाळू आहे, मग वाट कसली बघायची, असे आमचे चाललेच होते. पण खरे कारण वेगळे होते. ते म्हणजे तो पावसाळा.

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. आमच्या वस्तीत एकाच घरी रेडिओ होता. बातमी ऐकून रात्री लोकांनी गूळ वाटला. त्यानंतर जे झाले ते या पानाच्या वाचकांना सांगायला नको. बिलोली तालुक्यातल्या टेंभुर्णीत ४ ऑगस्टला पोचीराम कांबळे यांना जिवे मारले. नांदेड-परभणीकडून रोज काही ना काही कानावर येई. अमक्या गावात वस्ती पेटवली, तमक्या गावात विहीर बाटवली. आमच्या वस्तीला आग लागली नाही, हे कबूल केले पाहिजे. पण बाकी सगळे झाले. खुरपणीचे दिवस असून बायांना कोणी कामावर बोलावीना. गिरणीवाला दळण घेईना. दुकानदार मीठसुद्धा देईना. रात्री बाप्ये काठ्या घेऊन वस्तीच्या तोंडाला बसत, आणि बाया पोराबाळांना घेऊन ज्वारीत जाऊन झोपत. ज्वारी तेव्हा कमरेच्या वर आली होती. वरून पाऊस, खाली चिखल, आणि लेकरू रडले की त्याच्या तोंडावर पदर.

आमची शाळा बंद. म्हणजे शाळा चालू होती, आम्हाला घरातून सोडत नव्हते. भूक तर इतकी लागे की पोटात खड्डा पडे. आमच्यातल्या एकाचा मामा मुंबईला गिरणीत होता. सगळ्या वस्तीने मुंबईला जायचे, मामाच्या चाळीत राहायचे, असा आमचा बेत. तिकिटाला पैसे कुठून आणायचे, तर हंडा. चौघांनी हिशेबही केला होता, माणशी किती आणि एकंदर किती. तो कागदावर मांडला होता याचे आज हसू येते.

पहिले तीन दिवस आम्ही भर दुपारी गढीच्या ढिगाऱ्यात खोदले. रात्री जायची छाती नव्हती. आमच्याजवळ एक खुरपे, एक मोडकी पहार आणि घमेल्याच्या जागी फुटके टोपले. चिमणीच्या काचेवरची काजळी पायाळूच्या डोळ्यांत घातली. त्याचे डोळे लाल झाले, पाणी वाहू लागले, आणि त्याने एका कोपऱ्याकडे बोट केले. पुढे कितीतरी वर्षांनी तो म्हणाला, मला काहीच दिसत नव्हते, पण तुम्ही तिघे इतक्या आशेने बघत होता की नाही म्हणायची लाज वाटली. त्या कोपऱ्यात कमरेइतके खोदले. खापराचे तुकडे निघाले, एक गंजलेली कडी निघाली. तिसऱ्या दिवशी भल्यामोठ्या लांबीचा साप सळसळत बाहेर आला आणि आम्ही पहार तिथेच टाकून पळालो. ती धामण होती, उंदरांच्या मागे आलेली. हे आज कळते. तेव्हा आमच्या दृष्टीने हंड्याचा राखणदार जागा झाला होता.

एक गोष्ट आम्हाला तेव्हा माहीत नव्हती. दहा रुपयांवर किंमतीचे पुरलेले धन सापडले तर कलेक्टरला लेखी कळवायचे, असा इंग्रजांच्या वेळचा कायदा आहे. १८७८ चा. म्हणजे त्या वर्षी तो बरोबर शंभर वर्षांचा झाला होता, आणि आम्ही माणशी हिशेब मांडत बसलो होतो.

चार-पाच दिवस आम्ही गढीकडे फिरकलो नाही. मग एका संध्याकाळी नाल्याकडून येताना, गायरानाच्या कडेला जुन्या बोरीखाली ताजी माती उकरलेली दिसली. वर एक फुटका पाटा पालथा घातलेला. आमच्या अंगावर काटा आला. नक्कीच गढीवाल्यांचे कोणी तरी रात्री येऊन, आम्ही जवळ पोहोचलो म्हणून, हंडा इकडे हलवून गेले. पोरांच्या डोक्यात काय येईल याला नेम नाही. अंधारून आले होते. पावसाची भुरभुर चालू होती. आम्ही पाटा बाजूला केला आणि हातांनीच उकरले.

हातभर खोल डबा लागला. हंडा नव्हे, डालडाचा डबा. झाकण मेणाने बंद केलेले. ते खुरप्याने उचकटले. आत युरियाच्या पोत्यातल्या जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले गाठोडे. प्लास्टिक सोडले तर जुन्या लुगड्याचे फडके. फडक्यात पाच चांदीचे रुपये आणि कागदांचा जुडगा.

रुपये हाली शिक्क्याचे होते, निजामाचे. एका बाजूला चारमिनार, त्याच्या कमानीत उर्दू अक्षर. ते ऐन, म्हणजे उस्मान अलीचे अक्षर, असे पुढे एका जाणत्याने सांगितले. एके काळी सात हाली म्हणजे सहा कलदार असा भाव असे. १९५९ पासून हे चलन बंद झाले. आम्हाला एवढेच दिसले की चांदी आहे आणि ती पाच नग आहे. चौघांत पाच कसे वाटायचे यावर तिथेच कुजबुजत भांडण झाले.

कागदांकडे कोणी धड पाहिले नाही. वरचा एक उलगडला. छापील नमुना, त्यावर फिकट जांभळ्या अक्षरांत काहीबाही भरलेले, आणि 'दंड' एवढा शब्द वाचता आला. दंडाचे कागद! ते कोण जपून ठेवील? नाव वाचायला आम्ही थांबलो नाही. तेवढ्यात पावसाची मोठी सर आली. कागद डब्यात कोंबले, झाकण कसेबसे दाबले, माती लोटली, पाटा ठेवला. आणि ते जाड प्लास्टिक? ते आम्ही डोक्यावर घेतले. त्या दिवसांत असले प्लास्टिक म्हणजे चैन होती. एकाच्या डोक्यावर खोळ करून घातले, आणि तो तसाच भिजण्यावाचून घरी गेला.

ते लुगड्याचे फडके आमच्यातल्या एकाने ओळखले होते. त्याचा काठ त्याच्या रोजच्या पाहण्यातला होता. हे त्याने आम्हाला तीस वर्षांनी सांगितले. पण त्याने तेव्हाच सांगितले असते तर आम्ही डबा जसाच्या तसा ठेवून दिला असता का? चौघांपैकी कोणालाही खात्रीने हो म्हणता येत नाही.

आता त्या कागदांबद्दल सांगितले पाहिजे. आजीने आणि तिच्या नवऱ्याने त्या बोरीच्या अलीकडचे अडीच एकर गायरान फोडले होते. मराठवाड्यात गायरानाचा सत्याग्रह १९५३ पासूनचा. पुढे १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह झाला. त्या शेवटच्या वेळी आजी तुरुंगात जाऊन आली होती, तान्हे पोर कडेवर घेऊन. दगड वेचून, बोराट्या तोडून केलेली ती जमीन. पण सरकारदरबारी ते अतिक्रमण. दरवर्षी पंचनामा व्हायचा आणि दंड व्हायचा. कधी पाच रुपये, कधी अकरा. आजी दंड भरायची आणि पावती मागून घ्यायची. भरताना कधी कुरकुरली नाही. लोक म्हणत, म्हातारी येडी आहे, दंडाच्या पावत्या जपून ठेवते, जणू इनामाची सनद. पण तिला कोणी तरी शहाण्याने सांगितले होते की जमीन तुझ्या ताब्यात आहे याचा तुझ्याजवळ दुसरा पुरावा नाही. सरकारने तुला अतिक्रमणदार म्हणून लिहिले, म्हणजे तू तिथे होतीस हे सरकारनेच लिहून दिले.

वस्त्या पेटल्याच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा सगळ्यांनी भांडीकुंडी, गोधड्या बांधून ठेवल्या. आजी रात्री एकटीच डबा घेऊन गायरानात गेली. घर जळले तर पुन्हा कुडाचे उभे राहील, पावत्या कोण देणार? रुपये ठेवले ते त्यातल्या त्यात. तिच्या सासूचे होते.

भादव्यात वातावरण थोडे निवळले. गिरणी सुरू झाली, बाया कामावर जाऊ लागल्या. आजीने डबा उकरला. फडके उघडले तेव्हा आत पिठाच्या गोळ्यासारखा लगदा होता. एक-दोन पावत्या मधल्या कोरड्या राहिल्या होत्या, त्यांवरची शाई मात्र पसरलेली. ती तो गोळा परातीत घेऊन उन्हात बसली होती. सुईने एकेक पदर सोडवीत होती. आम्ही चौघे तिथे गेलो, काय झालं आजी म्हणून विचारलेही. काय सांगावे! आमच्या खिशांत ते रुपये होते. ती वर न पाहता म्हणाली, "काय नाय. पाणी शिरलं."

मागे खुंटीला ती प्लास्टिकची खोळ टांगलेली होती.

रुपये आम्ही विकू शकलो नाही. औंढ्याच्या बाजारात एका सराफाच्या दुकानासमोर दोनदा उभे राहून आलो. पोरांच्या हातात हाली रुपये पाहून तो पहिला प्रश्न काय विचारील हे आम्हाला कळत होते. एकदा नागनाथाच्या देवळापर्यंत गेलो. दानपेटीत टाकून मोकळे व्हावे असा विचार होता. तिथल्या कोरीव भिंतींना हात लावत आम्ही मागे फिरलो. नामदेवांना विसोबा खेचर याच औंढ्यात भेटले म्हणतात, पण आम्हाला त्या दिवशी कोणी भेटले नाही. शेवटी दिवाळीच्या आसपास एका पहाटे पाचही रुपये चिंधीत बांधून आजीच्या उंबऱ्यावर ठेवले आणि पळालो.

त्या दिवशी संध्याकाळी तिने चौघांना बोलावले. समोर बसवले. गूळ-शेंगदाणे दिले. आम्हाला वाटले, आता काठी निघणार. ती म्हणाली, "रुपये आले रे माघारी. पावत्या का नाय आल्या?"

आम्ही रडायला लागलो. तिने मारले नाही, आमच्या बापांना सांगितले नाही. पण त्यानंतर तिने आम्हाला कधी भाड्यांनो म्हणून हाक मारली नाही. पूर्वी रोज मारायची.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारने गायरानावरची जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय काढला. वस्तीतल्या ज्यांच्याकडे पावत्या होत्या त्यांची प्रकरणे पुढे सरकली. आजीला सांगितले, पुरावा आणा. तिने सुईने सोडवलेल्या त्या दोन पावत्या नेल्या. साहेबाने त्या उजेडाकडे धरून पाहिल्या आणि परत दिल्या. दफ्तरात नोंद असेल, शोधा, असे ती म्हणत राहिली. नोंद सापडत नाही, असे तिला सांगत राहिले. किती खेपा घातल्या त्याचा हिशेब नाही. पायी औंढा, तिथून यस्टी. पुढे पुढे आमच्यातला एक जण तिच्यासोबत जाऊ लागला, अर्ज लिहायला. आम्ही पाळी लावून घेतली होती. ती अर्जावर अंगठा उठवायची आणि अंगठ्याची शाई आमच्याच सदऱ्याला पुसायची. तेवढाच तिचा राग.

आजी १९८५ साली वारली. २८ नोव्हेंबर १९९१ रोजी सरकारचा दुसरा निर्णय आला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याचा. तेव्हा तिच्या मुलाने पुन्हा प्रकरण उभे केले. या वेळी शेजाऱ्यांचे जबाब घेतले. त्यात एक जबाब १९७८ साली ज्याने आमच्या वस्तीचे दळण बंद केले त्या गिरणीवाल्याचा होता. म्हातारी तिथे पेरायची, मी डोळ्यांनी पाहिले आहे, असे त्याने लिहून दिले. कोणी सांगितल्यावरून दिले की आपणहून, ते आम्हाला कधी कळले नाही. अडीच एकरांपैकी सव्वा एकर नावावर लागला. उरलेल्या सव्वा एकराचे काय झाले ती वेगळी आणि लांबलचक गोष्ट आहे. तोवर १४ जानेवारी १९९४ उजाडून विद्यापीठाचा नामविस्तारही झाला होता. ज्या ठरावाच्या बातमीवर वस्तीत गूळ वाटला होता, त्याला साडेपंधरा वर्षे लागली.

त्या सव्वा एकरात आता आमचा पायाळू मित्र सोयाबीन पेरतो. बोर अजून आहे. सातबारा आता संगणकावर निघतो, तरी तो दरवर्षी शेतसाऱ्याची पावती हातात घेतो आणि औंढ्याला जाऊन तिचे लॅमिनेशन करून आणतो. तीसेक पावत्या झाल्या असतील, सगळ्या पेटीत. त्याच्या बायकोला हे खूळ वाटते. काही विचारले की तो दुसरेच काही तरी बोलू लागतो. आता हा अंक घरी गेला की तिला कळेल.